सोसायटीच्या ग्रुपवरचे दोन मेसेज

चेंबूरमधल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींनी मला प्रश्न विचारला आहे. तो असा. त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच आठवड्यात दोन मेसेज आले. पहिला कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचा. इमारतीत कुणा बाबांचा सत्संग होता, लाउडस्पीकर रात्री साडेअकरापर्यंत चालला आणि दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा. तिने लिहिलं, "बाबा अंतर्ज्ञानी आहेत म्हणे, मग माझा उद्या पेपर आहे हे त्यांना कसं कळलं नाही?" दुसरा मेसेज एका जुन्या सभासदाचा. ४०२ मध्ये भाड्याने राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबाचा उल्लेख करून त्यांनी लिहिलं की ही कीड वेळीच काढली नाही तर सगळी इमारत पोखरून टाकेल. खाली त्या घरातल्या मुलाच्या स्कूटरचा नंबर, तो कामावरून किती वाजता येतो ते, आणि "रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी गेटवर जमायचं." पहिल्या मेसेजवर तिघांनी पोलिसांत जायची धमकी दिली. दुसऱ्यावर चौदा अंगठे आले. सेक्रेटरी विचारतात: "मॅडम, बोलायचं स्वातंत्र्य दोघांनाही आहे ना? मग कायद्याची रेघ कुठे आहे, आणि खरं तर कुठे असायला हवी?"

सत्तावीस वर्षं मी मुंबईतल्या फौजदारी न्यायालयांत वकिली करते. अशा प्रकरणांत आरोपीसाठीही उभी राहिले आहे आणि फिर्यादीसाठीही. म्हणून आधी सरळ उत्तर देते. मुलीचा मेसेज गुन्हा नाही, तो टोमणा आहे. दुसऱ्या मेसेजवर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि माझ्या मते व्हायला हवा. (रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावणं हा मात्र बिनचूक नियमभंग आहे, आणि त्याबद्दल तुमच्या सोसायटीत कुणालाच पोलीस आठवलेले दिसत नाहीत.)

आता कारणं. संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये भाषणस्वातंत्र्य आहे आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात त्यावर निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येतात त्याची यादी आहे. ही यादी बंद आहे. देशाची एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, अपराधाला चिथावणी. या यादीत 'भावना' हा शब्द कुठेच नाही. अशील माझ्यासमोर बसून "पण मॅडम, आमच्या भावना दुखावल्या" म्हणतात तेव्हा मी हीच यादी त्यांच्यासमोर ठेवते. 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे शब्दसुद्धा मूळ संविधानात नव्हते. मुंबईत छापल्या जाणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारने बंदी केली, त्याचे संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५० मध्ये जिंकले. त्यानंतर पहिल्याच घटनादुरुस्तीने, १९५१ मध्ये, हे शब्द आत आले. त्याच वेळी 'वाजवी' हा शब्दही आला. निर्बंध घालायचाच तर तो वाजवी हवा, एवढी सोय नागरिकाच्या बाजूनेही झाली.

'द्वेषमूलक भाषण' अशी व्याख्या देशभर लागू असलेल्या आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. आपल्याकडे आहेत ती जुनी कलमं, नव्या अंगरख्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. पूर्वीचं १५३-अ आता १९६ झालं: धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात यांवरून गटागटांत शत्रुत्व वाढवणे. पूर्वीचं २९५-अ आता २९९ झालं: धार्मिक भावना दुखावण्याच्या जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धर्माचा अपमान करणे. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद, आणि १९६ चा गुन्हा प्रार्थनास्थळी घडला तर पाच वर्षांपर्यंत. अफवा पसरवून लोकांना भडकवण्याच्या ५०५ ची जागा ३५३ ने घेतली. नंबर बदलले, शब्द बहुतेक तेच राहिले.

ही कलमं जन्माला कशी आली ते पाहिलं की त्यांचा स्वभाव कळतो. १५३-अ हे १८९८ सालचं, म्हणजे टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोह खटल्याच्या पुढच्याच वर्षीचं. १९०८ च्या खटल्यात टिळकांवर राजद्रोहाबरोबर याही कलमाचा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयातल्या ज्या दालनात तो खटला चालला तिथे आज त्यांच्या उद्गारांचा फलक आहे. फलक सगळे वाचतात. मला मात्र तिथे गेलं की ज्यूरी आठवते. सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला 'केसरी'तल्या मराठी लेखांवर, आणि निकाल देणारे बहुतेक जण ते लेख इंग्रजी भाषांतरात वाचत होते. टिळकांनी आपल्या लांबलचक भाषणाचा मोठा भाग या शब्दाचं भाषांतर असं का नाही, तसं का, हे समजावण्यात घालवला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले.

तो प्रश्न आजही तसाच पडतो. द्वेष शब्दकोशात सापडत नाही, तो सुरात असतो. "भय्या, एक प्लेट पाणीपुरी" यातला भय्या आणि "भय्यांना हाकला" यातला भय्या अक्षरं जुळवून पाहणाऱ्याला एकच वाटेल. एका प्रकरणात माझ्या अशिलाने भाषणात "यांना धडा शिकवू" म्हटलं होतं. पोलिसांनी दोषारोपपत्रासोबत जोडलेल्या हिंदी भाषांतरात ते "इनको सबक सिखाओ" झालं. 'शिकवू' मध्ये बोलणारा स्वतः काहीतरी करणार आहे, तेही कदाचित निवडणुकीत. 'सिखाओ' मध्ये तो समोरच्यांना कामाला लावतो आहे. एका मात्रेत माणूस वक्त्याचा चिथावणीखोर झाला. मूळ ध्वनिफीत न्यायालयात वाजवायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

२९५-अ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. लाहोरमध्ये पैगंबरांविषयी एक पत्रक निघालं. त्याच्या प्रकाशकाला उच्च न्यायालयाने सोडलं, कारण १५३-अ त्या मजकुराला लागू होत नव्हतं. लोक खवळले. म्हणून १९२७ मध्ये नवं कलम आलं. तरी १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. संतापलेल्या जमावाला शांत करायला केलेला हा कायदा, आणि आजही त्याची किल्ली संतापणाऱ्याच्याच हातात आहे. जो जास्त मोठ्याने दुखावतो, त्याचं ऐकलं जातं.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात हे कलम वैध ठरवलं, पण अट घालून: निष्काळजीपणे किंवा नकळत झालेला अपमान यात येत नाही, दुष्ट हेतूने मुद्दाम केलेला, तीव्र स्वरूपाचाच येतो. तुमच्या ग्रुपवरच्या त्या मुलीचा टोमणा यात बसवायला कायद्याला फार पिळावं लागेल. बाबा म्हणजे धर्म नव्हे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची चिडचिड म्हणजे दुष्ट हेतू नव्हे.

मग मोजायचं कुणाच्या नजरेने? इथे आपल्या नागपूरने देशाला एक माप दिलं आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, नागपूर उच्च न्यायालयात असताना न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं की शब्दांचा परिणाम खंबीर, धीट आणि समंजस माणसाच्या नजरेने जोखायचा. डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या नजरेने नव्हे. १९८८ मध्ये फाळणीवरच्या 'तमस' मालिकेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका आधी स्वतः पाहिली आणि मग याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम करताना बोस यांचं माप वापरलं. २०२४ मध्ये कोल्हापुरातल्या एका प्राध्यापकाचं प्रकरण आलं. ३७० रद्द केल्याबद्दल त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ५ ऑगस्टला काळा दिवस म्हटलं होतं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पुन्हा तेच माप लावून. २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातमधला गुन्हा रद्द झाला, तेव्हाही तेच.

म्हणजे वरच्या न्यायालयात माप ठरलेलं आहे. अडचण अशी की ते माप पोलीस ठाण्याच्या टेबलावर नसतं. तिथे ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यासमोर चाळीस माणसं घोषणा देत उभी असतात, बाहेर चॅनेलचा कॅमेरा असतो, आणि गुन्हा दाखल करून त्यांना घरी पाठवणं हा त्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपाय असतो. मी त्याला फार दोष देत नाही. रात्री अकराला त्याच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं.

पालघर आठवतंय? १८ नोव्हेंबर २०१२, बाळ ठाकरे यांच्या अंत्ययात्रेचा दिवस. मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली, आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. या प्रकरणाने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकूर हा गुन्हा ठरवणारं) घटनाबाह्य ठरलं. त्या निकालातला माझ्या मते सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे बोलण्याचे तीन टप्पे: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. चर्चा कितीही कडू असली तरी मोकळी. एखाद्या विचाराचा पुरस्कार तो विचार लोकांना घृणास्पद वाटला तरी मोकळा. चिथावणीपाशी कायदा आत येतो.

पालघरच्या त्या दिवसात एक उलटापालट आहे, ती बघा. पोस्टने कुणालाही कुणाविरुद्ध उभं केलं नव्हतं. दवाखाना फोडणाऱ्यांना मात्र कुणीतरी तिथे जमवलं होतं. कायद्याचा पहिला हात पोस्ट लिहिणारीच्या खांद्यावर पडला. सेक्रेटरीसाहेब, तुमच्या ग्रुपवर नेमकं तेच होऊ घातलं आहे: मुलीविरुद्ध तक्रार, आणि ४०२ च्या गेटवर जमणाऱ्यांना चौदा अंगठे.

आता दुसऱ्या मेसेजकडे. तो वाचताना मी त्याचे तुकडे करते. "आपल्या इमारतीत यांना घर देऊ नका" एवढंच असतं, तर ते नीच आहे असं मी म्हटलं असतं, पण न्यायालयात गुन्हा टिकेल याची हमी दिली नसती. धर्म बघून घर नाकारणं याविरुद्ध आपल्याकडे खासगी मालकाला बांधणारा सरळ कायदा नाही, हे मुंबईत भाड्याने घर शोधलेल्या कुठल्याही मुस्लिम माणसाला, आणि बऱ्याचदा मांसाहारी मराठी माणसालाही, माहीत आहे. 'कीड' या शब्दाने पारडं झुकतं. एका माणसाने काय केलं ते सोडून त्याच्या जन्माकडे बोट गेलं, आणि किडीशी कुणी वाद घालत नाही, औषध मारतं. तरी नुसत्या शब्दावरही मी थांबले असते. पण पुढे नंबर आहे, वेळ आहे, वार आहे, जागा आहे. तिथे वाचणाऱ्याची भूमिकाच बदलली. त्याच्याकडून आता मत बनवण्याची अपेक्षा नाही, हजर राहण्याची आहे. कलम १९६ शिवाय इथे धमकीचं ३५१ आणि जमाव खरंच जमला तर बेकायदेशीर जमावाचं १८९ ही कलमंसुद्धा दिसू लागतात.

संदर्भ किती महत्त्वाचा ते दोन निकालांतून सांगते. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या झाली त्या दिवशी चंदीगडमध्ये एका चित्रपटगृहाबाहेर दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या. येणारेजाणारे आपल्या वाटेने गेले, काहीही झालं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बलवंत सिंग प्रकरणात त्यांना सोडलं. शब्द भयंकर, दिवस भयंकर, पण ऐकायला कुणी थांबलंच नाही. याउलट २०२० च्या अमिश देवगण निकालात न्यायालयाने म्हटलं की बोलणारा कोण, त्याचा प्रभाव किती, कुणाविषयी बोलला, कुठल्या प्रसंगी, हे सगळं मोजायला हवं. ज्याचं लोक ऐकतात त्याची जबाबदारी मोठी. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर साठ घरं असतील तर 'फक्त साठच' असं समजू नका. ज्याच्याविषयी बोललं गेलं तो त्याच लिफ्टमधून जातो. प्रभावाचं वर्तुळ लहान असलं तरी पीडित त्या वर्तुळाच्या मध्यावर राहतो.

या विषयात माझं आणि माझ्या ज्युनिअरचं भांडण होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. ती म्हणते, "मॅडम, तुम्ही चिथावणीची वाट बघता. वार-वेळ दिल्यावर कायदा येणार, म्हणजे दहा वर्षं 'कीड, कीड' ऐकून तयार झालेल्या माणसांना फक्त पत्ता द्यायचा उरलेला असतो." रवांडातल्या १९९४ च्या नरसंहाराआधी रेडिओवरून तुत्सींना 'झुरळं' म्हटलं जात होतं, तिथे प्रसारणामागच्या लोकांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने शिक्षा केली, पण तोवर सगळं संपलं होतं. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. मी फक्त एवढंच म्हणते की 'कीड' शब्दासाठी तुरुंग ठेवला, तर त्या तुरुंगाची चावी कुणाकडे जाणार ते आधी बघ. जो पक्ष सत्तेत असेल त्याच्या गृहखात्याकडे. आणि ते खातं 'कीड' म्हणणाऱ्याला पकडेल की 'सरकार बहुसंख्याकांना भडकवतंय' असं लिहिणाऱ्याला?

हे मी हवेत बोलत नाही. १९६ आणि २९९ खाली न्यायालयाने खटल्याची दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. गुन्हा नोंदवायला किंवा अटक करायला ती लागत नाही. विद्यार्थी, प्राध्यापक, कवी यांना त्रास द्यायला पोलीस ठाणं पुरतं. मोठ्या नेत्याला शिक्षेपर्यंत न्यायला मंत्रालयाची सही लागते. हे कलम वर जाताना अरुंद आणि खाली येताना रुंद आहे. त्यात मुदतीचा प्रश्न. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात तीन वर्षांत दखल घ्यायची असते. मंजुरीत गेलेला काळ वगळता येतो, उशीर माफही होऊ शकतो; पण फाइल कुणी हलवलीच नाही तर हे सगळं कागदावर राहतं.

मुंबईने हे पाहिलं आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालानुसार ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू. त्या काळातल्या 'सामना'च्या अग्रलेखांवर खटला भरावा म्हणून माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर उच्च न्यायालयात गेले. १९९४ मध्ये याचिका फेटाळली गेली: भाषा जहाल असली तरी अग्रलेख संपूर्ण वाचले तर रोख देशद्रोही मुसलमानांवर आहे, सगळ्या समाजावर नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. मला तो निकाल तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. आगीच्या मधोमध उभं राहून 'सगळे नाही, फक्त देशद्रोही' म्हटलं तर रस्त्यावरचा माणूस दारावरचं नाव वाचून ठरवतो कोण देशद्रोही. पुढे जुलै २००० मध्ये बाळ ठाकरे यांना याच लिखाणाच्या जुन्या प्रकरणात अटक झाली, आणि त्याच दिवशी भोईवाड्याच्या न्यायालयाने खटला मुदतबाह्य ठरवला. त्यांच्या समर्थकांनी त्याला विजय म्हटलं, विरोधकांनी नाटक. माझ्यासारख्या वकिलाला त्यात फक्त सात वर्षं धूळ खात पडलेली फाइल दिसली.

उलट निवडणुकीच्या कायद्याने त्याच काळात काम केलं. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मतं मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती रद्दच ठेवली, आणि ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. तुरुंग नाही, पण फळ काढून घेतलं. माझ्या ज्युनिअरला मी हेच सांगते: चिथावणीच्या आधीच्या टप्प्यासाठी अशी हत्यारं शोध. सभेला परवानगी देताना अटी घालता येतात, चित्रीकरण करता येतं. ५ फेब्रुवारी २०२३ च्या मुंबईतल्या मोर्च्याआधी सर्वोच्च न्यायालयाने चित्रीकरणाचा आदेश दिलाच होता. कॅमेरा चालू आहे हे माहीत असलं की पुष्कळ वक्त्यांची जीभ आपोआप कायद्याच्या अलीकडे राहते.

आपल्या मराठी माणसांसाठी एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. कलम १९६ मध्ये धर्माबरोबर भाषा आणि जन्मस्थानही आहे. २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबईत मारहाण झाली तेव्हा माझ्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर "पण आपल्या पोरांच्या नोकऱ्या" हे वाक्य तीन वेळा आलं. नोकऱ्यांचा मुद्दा खरा होता, आजही आहे. तो मोर्च्यात मांडा, न्यायालयात मांडा, विधानसभेत मांडा, कितीही कठोर शब्दांत मांडा. परीक्षा केंद्राबाहेर हॉल तिकीट बघून ज्याला मारलं त्याने ती रेल्वेची जाहिरात काढलेली नव्हती. मराठीचा आग्रह आणि हॉल तिकिटावरचा पत्ता बघून हाणामारी यांच्यात जी रेघ आहे, तीच रेघ ४०२ च्या मेसेजमध्ये आहे. आपली बाजू असली की ती पुसट दिसते, एवढाच फरक.

१९६ चा आणखी एक दोष म्हणजे ते आंधळं आहे. बलवान आणि दुबळा गट त्याला सारखेच. त्या मानाने अत्याचार प्रतिबंधक कायदा डोळे उघडे ठेवून केलेला आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांदेखत जातीवरून अपमानित करणं हा स्वतंत्र गुन्हा, कारण त्या शब्दांमागे किती शतकं उभी आहेत हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. विधी आयोगाने २०१७ च्या २६७ व्या अहवालात द्वेषमूलक भाषणासाठी दोन नवी कलमं सुचवली होती. ती आली नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. कलमं कमी पडली म्हणून कुणी सुटल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. मंजुरी, मुदत आणि कुणावर कारवाई करायची याची निवड यांत प्रकरणं मेलेली मात्र ढिगाने पाहिली आहेत.

मग माझ्या हातात असतं तर मी काय केलं असतं? २९९ आणि त्याचा धाकटा भाऊ ३०२ (धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम काढलेले शब्द) ही दोन्ही कलमं रद्द केली असती. देव, ग्रंथ आणि बाबा स्वतःचं बघायला समर्थ आहेत. १९६ ठेवलं असतं, पण माणसांच्या गटाला इजा करायला, हुसकायला, त्यांचं काम-धंदा-घर तोडायला बोलावणं एवढ्यावर आवळून. मंजुरीला नव्वद दिवसांची मुदत, सरकार गप्प राहिलं तर न्यायालय मोकळं. अटक सहसा नाहीच. सध्याच्या कायद्यातही एक चांगली सोय आहे: तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७३(३) प्रमाणे, एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. प्रतापगढी निकालात सर्वोच्च न्यायालयाने बोलण्या-लिहिण्यासंबंधीच्या अशा प्रकरणांत तीच वाट धरायला सांगितली आहे. मुलीविरुद्ध कुणी गेलंच, तर तिच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन ही चौकशी मागावी.

आता तुमचं काम. तुम्ही ग्रुपचे अ‍ॅडमिन आहात म्हणून घाबरला आहात, हे तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून दिसतं. घाबरू नका, सभासदाच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन म्हणून दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. पण तो मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' करू नका आणि ज्याने टाकला त्यालाही घाईने ग्रुपबाहेर काढू नका. आधी चॅट एक्स्पोर्ट करा, नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, ज्या फोनवर तो मेसेज आला तो फोन बदलू किंवा रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल, त्याचा नमुना कुठल्याही फौजदारी वकिलाकडे मिळतो. प्रमाणपत्राशिवाय स्क्रीनशॉट म्हणजे नुसतं चित्र. अशी चांगली प्रकरणं मी माझ्या डोळ्यांसमोर कोसळताना पाहिली आहेत.

रविवार यायच्या आत पोलीस ठाण्यात जा. सीनियर इन्स्पेक्टरांना भेटा, लेखी द्या, पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सगळ्या राज्यांना सांगितलं आहे की अशा भाषणावर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा; त्या आदेशाची प्रत सोबत ठेवा, वाद घालायची वेळ येणार नाही. ४०२ मधल्या गृहस्थांना आधी भेटून सांगा, त्यांना विचारा ते कशाला तयार आहेत. आणि तक्रारीखालची पहिली सही त्यांच्याकडून घेऊ नका. ती तुमची असू द्या, सेक्रेटरी म्हणून, सोसायटीच्या शिक्क्यासकट.